लॅटिनच्या स्पर्धेत उतरताय? घाई न करता ब्राँझला नाचा

कोल्हापुरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना डान्सची स्पर्धा म्हणजे कॉलेजचं गॅदरिंग किंवा विद्यापीठाचा युवा महोत्सव. ग्रुप स्टेजवर येतो आणि परीक्षक आख्खं गाणं बघतात. डान्सस्पोर्टमध्ये, म्हणजे लॅटिनसारख्या जोडीने नाचायच्या नाचांच्या स्पर्धेत, तसं होत नाही. सुरुवातीच्या फेरीत दहा-बारा जोड्या एकाच वेळी फ्लोअरवर असतात आणि गाणं वाजतं साधारण दीड मिनिट. हिशोब केला तर तुमच्या वाट्याला परीक्षकाचे सात-आठ सेकंद येतात. माझ्या क्लासमधल्या नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते.

स्पर्धेचे भाग दोन तऱ्हेने पडतात, वयाने आणि तयारीने. वयात वाढदिवसाची तारीख नाही, कॅलेंडर वर्ष बघतात. त्या वर्षी 12 किंवा 13 पूर्ण होणार असतील तर ज्युनियर वन, 16 ते 18 युथ, 19 पासून ॲडल्ट. तयारीचे टप्पे खालून वर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि पुढे ओपन. नावं आणि टप्पे आयोजकांप्रमाणे थोडे बदलतात, म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या स्पर्धेची नियमावली वाचाच. कुस्तीत वजनकाटा असतो. इथे पातळी बहुतेक वेळा तुम्ही आणि तुमच्या सरांनीच ठरवायची असते.

ब्राँझला अभ्यासक्रमातल्याच फिगर्स, म्हणजे ठरलेल्या स्टेप्स, चालतात: रुंबा या लॅटिन नाचात न्यूयॉर्क, फॅन, हॉकी स्टिक वगैरे. व्हिडिओत पाहिलेली झकास स्टेप मध्येच घातली तर ताकीद मिळते, कधी थेट बादही करतात. लिफ्टला तर ओपनमध्येही बंदी. जोडीदाराच्या आधाराने दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटले की ती लिफ्ट.

मग त्या सात-आठ सेकंदांत दिसतं काय? ताल. रुंबाचं पहिलं पाऊल दोनवर पडतं, मग तीन आणि चारवर; एकवर पाऊल नाही, फक्त कंबर बसते. आपला कान ढोल-लेझमीवर तयार झालेला, त्यामुळे एक आला की पाय आपोआप पडतो. राजारामपुरीतल्या आमच्या क्लासमध्ये नव्या जोड्या महिनोन्महिने फक्त बेसिक करतात, तोंडाने मोजत. पालक कंटाळतात, पण माझं मत ठाम आहे: ब्राँझमध्ये एक वर्ष जास्त गेलं तरी चालेल, एकवर पाऊल पडणारी जोडी सिल्व्हरला पाठवू नये.

निकालाची पद्धतही समजून घ्या. आधीच्या फेऱ्यांत क्रमांक नसतो. पुढे कोणाला बघायचंय, त्या जोड्यांवर परीक्षक खूण करतात. फायनलला बहुधा सहा जोड्या, आणि प्रत्येक परीक्षक क्रमांक देतो. निकालाच्या या ‘स्केटिंग’ नावाच्या पद्धतीत क्रमांकांची बेरीज करत नाहीत, बहुमत बघतात. समजा पाच परीक्षक आहेत. एका जोडीला 1, 1, 1, 6, 6 मिळाले आणि दुसरीला पाचही जणांनी 2 दिला. बेरजेत दुसरी पुढे, तरी त्या नाचात पहिली येते ती पहिलीच जोडी, कारण पाचपैकी तिघांनी तिला एक नंबर दिलाय. हे माहीत नसलं की पालकांना अन्याय झाल्यासारखं वाटतं.

निकालानंतर गुणतक्ता लावला तर त्याचा फोटो काढून घ्या आणि नाचागणिक वाचा. चा-चा-चा या दुसऱ्या लॅटिन नाचाला खुणा भरपूर आणि रुंबाला एक-दोनच असतील, तर पुढचे दोन महिने सराव कशाचा करायचा ते सरांना विचारायचीही गरज नाही.