कोकणात सुट्टीसाठी बेट निवडायचंय? आधी तिथी बघा

बेट म्हटलं की लोक फोटो बघून ठरवतात आणि कोकणात नेमकं तिथेच चुकतं. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी जो वाळूचा पट्टा आहे, सगळे ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात, तो भरतीला पाण्याखाली जातो हे फोटोत कुठे दिसतं? मी गेली बरीच वर्षं दर थंडीत अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठे ना कुठे जाते, म्हणून जे खरंच कामाला येतं तेवढंच लिहितेय.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी, यात चर्चा नको. पावसाळ्यात किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात आणि मे संपताना वारा वाढला की त्याच्या आधीही बंद करतात, त्यामुळे "पावसात बेटावर काय मजा येते" असं कोणी सांगितलं तर त्याला विचारा की तू गेलास कसा.

मग ठरवायचं की बेट बघायचंय की बेटावर राहायचंय. कोकणातली नावाजलेली बेटं म्हणजे बहुतेक जलदुर्गच आहेत, तिथे मुक्काम होत नाही. जंजिरा जरूर बघा, राजपुरीहून शिडाच्या होडीने जाण्यात वेगळीच मजा आहे, पण तिथे तास-पाऊण तासात परत होडीत बसायचं असतं आणि त्याला आराम म्हणत नाहीत. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेत, तिथे शनिवार-रविवार टाळलेलाच बरा. त्सुनामी आयलंडवर वॉटर स्पोर्ट्स, स्टॉल, स्कूटरचा आवाज, मुलं खूश होतील पण शांतता शोधत असाल तर जाऊ नका.

निवांतपणा हवा असेल तर माझ्या मते दोनच पर्याय. एक, बेट समोर दिसेल अशा किनाऱ्यावर राहायचं. दापोलीजवळच्या हर्णे-मुरुडला (जंजिऱ्याचं मुरुड नव्हे) राहिलात तर सुवर्णदुर्ग समोर, संध्याकाळी हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव, अंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती जवळ. मालवणात राहिलात तर सिंधुदुर्ग समोर, होडीने जेमतेम पंधरा मिनिटं. कुरटे बेटावरचा हा किल्ला १६६४ ते १६६७ मध्ये बांधला, आत अजूनही काही कुटुंबं राहतात आणि चहूबाजूंनी खारं पाणी असून विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत. सकाळच्या पहिल्या होडीने जा, दुपारी खारा वारा सुटला की समुद्र उसळतो आणि ज्यांना होडी लागते त्यांचे हाल होतात.

दुसरा पर्याय म्हणजे खाडीतला जुवा. जुवा म्हणजे खाडीतलं बेट, मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीत खोतजुवा, पाणखोल जुवा आहेत. माड, कांदळवन, चार घरं, संध्याकाळी बगळे. मला विचाराल तर कोकणात खरी विश्रांती इथेच मिळते, पण सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो, आणि तो घोळ पाण्याच्या वेळेचा असतो.

माझा झाला तो सांगते. आईला घेऊन एका जुव्यावर चालले होते, ज्यांच्याकडे उतरणार होतो त्यांनी फोनवर सांगितलं "कधीपण या, होडी आहे". आम्ही संध्याकाळी पाच-सव्वापाचला पोचलो, पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. होडी होती, पण पाणी नव्हतं. खाडी मधोमध वाहत होती आणि पलीकडच्या पायरीपासून पाण्यापर्यंत तीस-चाळीस पावलं नुसता काळा चिखल, त्यात कालवांची धारदार टरफलं. होडीवाल्याने बॅगा डोक्यावर घेतल्या, मी आईचा हात धरला, तिसऱ्या पावलाला तिची चप्पल चिखलात गेली ती गेलीच, आणि टाच कापली. साडेसहाला अंधारात पडवीत बसून तिच्या पायाला हळद लावत होते. तिने तक्रार केली नाही, पण पुढचे दोन दिवस ती पडवीतून खाली उतरली नाही. ज्या सुट्टीसाठी तिला आणलं होतं ती तिथेच गेली. तेव्हापासून मी तिथी बघितल्याशिवाय बुकिंग करत नाही.

हिशोब सोपा आहे, किनाऱ्यावरची जुनी माणसं तोंडी करतात. त्या दिवशीची तिथी घ्यायची (वद्य असो की शुद्ध, एकपासूनच मोजायची), तिला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तो पूर्ण भरतीचा साधारण तास. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. एक भरती पहाटे पावणेचारच्या आसपास आणि दुसरी दुपारी चारनंतर, मधे सकाळी दहाच्या सुमाराला ओहोटी. रोज हे सगळं पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकतं. हा अंदाज मुंबई-अलिबागकडे चांगला लागू पडतो, मालवणकडे मला भरती त्याच्या जवळजवळ तासभर आधी दिसलीय. त्यामुळे तारीख ठरवायला तिथी आणि निघायच्या आदल्या दिवशी त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक, दोन्ही बघायचं.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही, अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढउतार कमी. आता हे वापरायचं कसं? सामान घेऊन जुव्यावर जायचं असेल तर पौर्णिमा-अमावस्येच्या जवळचे दिवस धरा, भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, होडी थेट पायरीला लागते, आणि दोन दिवसांनी निघताना भरती साधारण दीड वाजता असते, म्हणजे जेवून निघायचं. मी आईला नेलं तो दिवस बरोबर होता, वेळ चुकली होती.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं असेल तर मात्र उलटं. द्वितीया ते चतुर्थी बघा, सकाळी आठ-नऊला ओहोटी असते आणि उधाणाचा जोर अजून उतरलेला नसतो म्हणून वाट नीट उघडी पडते. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते म्हणून खूश होऊन जाऊ नका, भांगाला पाणी पुरेसं हटतच नाही. आणि ओहोटी नऊला असेल तर आठला आत शिरा आणि साडेनऊपर्यंत परतीच्या वाटेला लागा. "अजून पाणी घोट्याएवढंच आहे" म्हणत फोटो काढत थांबलेली माणसं मी कमरेपर्यंत भिजून, पोरांना खांद्यावर घेऊन येताना बघितलीत, पाणी आधी किनाऱ्याच्या बाजूच्या खोलगट भागात भरतं आणि किल्ल्यातून ते दिसत नाही. उशीर झालाच तर आतच थांबा आणि होडीने या.

राहायची जागा घरगुती घ्या. फोनवर तीन गोष्टी विचारा: ओहोटीला होडी पायरीला लागते का, रात्री कोणाला बरं वाटेनासं झालं तर पलीकडे नेणारा माणूस बेटावर झोपतो का, आणि प्यायचं पाणी कुठलं. पहिल्या प्रश्नाला "कधीपण या" असं उत्तर आलं तर दुसरं घर शोधा, ज्याला खाडी माहीत आहे तो तुम्हाला वेळ सांगतोच.

जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा, तिथे दुकान नसतं. लाइफ जॅकेट खाडीतही घालायचं, पाच मिनिटांचा प्रवास असला तरी. चपला पट्टीच्या घ्या, मागून बंद होणाऱ्या, आणि बरोबर वयस्कर माणूस असेल तर त्यांच्यासाठी एक जोड जास्तीचा.