फिश ऑइल घेऊनही कोलेस्टेरॉल हलत नाही? या चुका टाळा

रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की बरेच जण आधी मेडिकलमधून फिश ऑइलचा डबा आणतात, दोन-तीन महिने घेतात, परत टेस्ट करतात आणि एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) तिथंच, मग म्हणतात सगळं बोगस आहे. बोगस नाही हो, तुम्ही चुकीच्या आकड्यासाठी घेतलंत. फिश ऑइलमधल्या ओमेगा-३ चं खरं काम ट्रायग्लिसराइड्सवर, म्हणजे लिव्हर रक्तात जी चरबी सोडतं ती त्याने कमी होते. एलडीएल त्याने उतरत नाही, उलट ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील आणि कॅप्सूलमध्ये डीएचए (ओमेगा-३ चा एक प्रकार) असेल तर एलडीएल थोडं वाढूही शकतं. त्यामुळे "नॅचरल आहे" म्हणून स्टॅटिन (एलडीएल उतरवायची गोळी) बंद करून हे सुरू करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

आता डबा उलटा करून बघा. पुढे मोठ्ठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम, आणि मागे बारीक अक्षरात ईपीए (हाही ओमेगा-३ चाच प्रकार) १८०, डीएचए १२०. म्हणजे कामाचं ३००, बाकी नुसतं तेल. वाढलेली ट्रायग्लिसराइड्स नीट उतरवायला रोज साधारण २ ते ४ ग्रॅम ईपीए-डीएचए लागतं, तेव्हा एका कॅप्सूलने काय होणार? पण म्हणून स्वतःच्या मनाने दहा-बारा गिळू नका, जास्त डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो हे मोठ्या ट्रायल्समध्ये दिसलंय, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचंच. एवढा डोस लागतोच असं असेल तर ते प्रिस्क्रिप्शनवरच घ्यायचं औषध.

कॉड लिव्हर ऑइल वेगळं बरं का! त्यात व्हिटॅमिन ए असतं, डोस वाढवला की तेही वाढतं.

शाकाहारी मंडळींची ठरलेली गडबड म्हणजे जवस. जवसाची चटणी खा, छानच आहे, पण त्यातलं एएलए (वनस्पतींमधलं ओमेगा-३) शरीरात ईपीए-डीएचए मध्ये फारच थोडं बदलतं, त्यामुळे ट्रायग्लिसराइड्ससाठी त्याच्या भरवशावर राहू नका. शैवालापासून केलेल्या कॅप्सूल मिळतात, त्या बघा.

आणि मूळ कारण तसंच ठेवून कॅप्सूल घेणारे तर विचारूच नका. दारू, चहातली साखर, मैद्याची बिस्किटं, कंट्रोल नसलेली शुगर, थायरॉइड, यातलं काहीही ट्रायग्लिसराइड्स वर नेतं, आणि हे सुधारलं तर बऱ्याचदा कॅप्सूलची गरजही उरत नाही.

टेस्टच्या आदल्या रात्री पार्टी करून सकाळी रक्त दिलं तर तो आकडा धरू नका, परत करा. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेली की हिशोबाने काढलेलं एलडीएलही भरवशाचं राहत नाही, लॅबला डायरेक्ट एलडीएल करायला सांगा. उपाशीपोटी कॅप्सूल घेऊन माशाचे ढेकर येत असतील तर जेवणाबरोबर घ्या, तेलतुपाच्या जेवणात ती शोषलीही जास्त जाते.