डान्स सिंगल काढताय? आधी किक आणि बेसचं भांडण मिटवा

मी घणसोलीच्या वन-बीएचकेत हाउस (क्लबमध्ये वाजणारं डान्स संगीत) बनवतो. वरच्या घरात तान्हं बाळ आहे, म्हणून मिक्सिंग हळू आवाजातच. खरं सांगू? हळू आवाजात किक (ड्रमचा खोल ठोका) आणि बेस (खालच्या सुरांची ओळ) दोन्ही नीट कळले, तर मिक्स जमलं समजा.

टेम्पो १२८ बीपीएम (मिनिटाला १२८ ठोके) ठेवा, हिशोब सोपा जातो: चार ठोक्यांचा एक बार, तर ३२ बार म्हणजे बरोबर एक मिनिट. डीजेसाठीच्या लांब आवृत्तीत सुरुवातीचं हे मिनिट नुसती किक आणि हॅट्स (ड्रमसेटमधल्या झांजा) द्या, त्याला मागच्या ट्रॅकमधून अलगद शिरता येतं. स्ट्रीमिंगवर एवढं थांबायला कोण बसलंय? तिथे छोटी आवृत्ती.

आता मुख्य काम. बेसवर कॉम्प्रेसर (आवाज दाबणारं साधन) लावून त्याला किकचं साइडचेन द्या, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दबतो. दोन किकमध्ये साधारण ४६९ मिलिसेकंद असतात. कॉम्प्रेसरचा रिलीज (बेस परत वर यायला लागणारा वेळ) त्याआधी संपला पाहिजे, नाहीतर बेस दबलेलाच राहतो. १०० हर्ट्झखालचं सगळं मोनो (डाव्या-उजव्या स्पीकरला सारखंच). फोनच्या स्पीकरवर ५० हर्ट्झ ऐकूच येत नाही, तेव्हा बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलका खरखरीतपणा) टाका. वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उंच सूर) तयार झाले की तो फोनवरही जाणवतो.

संबळ घालायचाय? जरूर घाला, पण त्याचा खर्ज ईक्यूने (आवाजाचे उंच-खालचे भाग कमी-जास्त करणारं साधन) कापा, तडतड ठेवा. उगाच मराठीपणाचा शिक्का म्हणून मात्र नको, कंटाळा येतो.

मास्टरला (अंतिम ट्रॅकला) लिमिटरने, म्हणजे आवाजाची कमाल मर्यादा बांधणाऱ्या साधनाने, चिरडू नका. स्पॉटिफाय आवाज -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आणतंच. त्यांच्या प्लेलिस्ट संपादकांकडे ट्रॅक रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पाठवा.