कणांची आकृती काढताना आधी द्रवाची चौकट सांभाळा

स्थायू, द्रव, वायू यांची आकृती तपासायला घेतली की माझी नजर आधी मधल्या चौकटीवर जाते. बहुतेक वह्यांमध्ये गडबड तिथेच असते. स्थायूचे कण दाटीवाटीने, वायूचे लांब लांब, म्हणून द्रवाचे आपले मधल्या अंतरावर, सुटे सुटे. प्रत्यक्षात द्रवाचे कणही एकमेकांना जवळपास खेटूनच असतात.

खात्री करून घ्यायची तर सुई नसलेली सिरिंज घ्या. तिच्यात हवा भरा, तोंड बोटाने गच्च बंद करा आणि दट्ट्या ढकला. तो बराच आत जातो, सोडला की मागे येतो. आता पाणी भरा. बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर तोच दबतो आणि पाणी दबल्यासारखं वाटतं. या वेळी कितीही जोर लावा, दट्ट्या ढिम्म हलत नाही. कणांमध्ये मोकळी जागा जवळपास नाहीच, तर दबणार काय?

हे एकदा हाताला कळलं की पेन्सिल उचला. स्थायूची वर्तुळं ओळीत, टेकलेली काढा. हे कण जागच्या जागी कंप पावतात. द्रवात वर्तुळं तळापासून भरत या. टेकलेलीच ठेवा, पण ओळी मोडा, मधेच एखादी फट सोडा. त्या फटींमुळेच कण एकमेकांवरून सरकतात आणि द्रव वाहतो.

वायूत हात आखडता घ्या. १०० अंश सेल्सिअसला पाण्याची वाफ झाली की आकारमान साधारण १६०० ते १७०० पट होतं, म्हणजे दोन रेणूंमधलं अंतर जवळजवळ १२ पट. वर्तुळ अर्ध्या सेंटीमीटरचं असेल, तर शेजारचं सहा सेंटीमीटरवर हवं! वहीतल्या चौकटीत दोन-तीन वर्तुळं पुरेत. त्यांचा आकार मात्र तिन्ही चौकटींत एकच ठेवा. तापवल्याने कण फुगत नाही, अंतर वाढतं. मधल्या जागेत काहीही रंगवू नका, ‘हवा’ असंही लिहू नका. तिथे खरोखर काही नसतं.

बर्फ विचारला असेल तर ही रीत बाजूला ठेवा. त्यातला प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरून असतो आणि मधे षटकोनी पोकळ्या राहतात. म्हणून पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं, बर्फ पाण्यावर तरंगतो. इथे स्थायूची वर्तुळं द्रवापेक्षा विरळ काढायची, षटकोनी कड्यांत.