खरचटलंय? मग उघडं ठेवून सुकवू नका, नीट ड्रेसिंग करा

गुडघा फुटला किंवा कोपर सोलवटलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "उघडं ठेव, हवा लागू दे, खपली धरली की होईल बरं." मीही कित्येक वर्षं तेच करत होते. खपली धरायची, गुडघा वाकवला की तडकायची, परत रक्त, परत खपली, असं दोन दोन आठवडे चालायचं. खरं असं आहे की नवीन कातडी ओलसर जागेवरून पटापट सरकते, आणि वाळून कडक झालेली खपली असेल तर तिला खपलीखालून वाट काढत जावं लागतं. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या वरवरच्या जखमांवर हे दाखवून दिलं, पातळ प्लास्टिक फिल्मखाली झाकलेल्या जखमांवर नवीन कातडी उघड्या जखमांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. म्हणजे आपल्याला जखम ओलसर ठेवायचीय, ओलीचिंब नाही आणि कोरडी ठणठणीत पण नाही. ड्रेसिंग कुठलं घ्यायचं ते सगळं यावरूनच ठरतं.

पण आधी धुणं, कारण इथे चूक झाली तर महागातलं ड्रेसिंगसुद्धा काही करू शकत नाही. हात साबणाने धुवा, रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटं दाबून धरा आणि मधेमधे उचलून बघू नका. मग पिण्यालायक नळाच्या पाण्याखाली जखम धरा, चांगली पाच मिनिटं तरी, साबण फक्त आजूबाजूच्या कातडीला. चुरचुरतं, हो, पण माती आणि बारीक खडी निघालीच पाहिजे, नाहीतर ती कातडीखाली राहून कायमचे निळे-काळे डाग पडतात, गोंदल्यासारखे. राहिलेले कण स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने काढा, आणि निघतच नसतील तर कोरत न बसता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड हे थेट जखमेवर नको, जंतूंबरोबर बऱ्या होणाऱ्या पेशी पण मरतात. आणि कापूस तर अजिबात नको, त्याचे तंतू चिकटून बसतात.

आता ड्रेसिंग. जखमेकडे बघा, किती पाझरतेय? नुसता ओरखडा असेल, लस (जखमेतून पाझरणारं पातळ पाणी) येत नसेल तर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर साधी चिकटपट्टी, बास. अँटिबायोटिक मलम लागतंच असं नाही, स्वच्छ धुतलेल्या जखमेला जेली बहुतेक वेळा पुरते, आणि काही जणांना त्या मलमाचीच ॲलर्जी येते.

तळहाताएवढं सोलवटलंय आणि पाणी सुटतंय, तर न चिकटणारं पॅड किंवा पॅराफिन गॉज घ्या (मलमात बुडवलेली जाळीदार पट्टी असते ती), वर साधं गॉज आणि त्यावर रोलर बँडेज, घट्ट नको. साधं कोरडं गॉज थेट लावायचं नाही हे मी माझ्या मुलाच्या गुडघ्यावर शिकले, दुसऱ्या दिवशी ते असं चिकटलेलं की काढताना सगळी नवीन कातडी बरोबर आली आणि तो जो रडला ते मला अजून आठवतं. तुमचं असं चिकटलंच तर ओढू नका, कोमट पाणी किंवा सलाइन ओतून भिजत ठेवा, सुटेपर्यंत.

हायड्रोकोलॉइड म्हणजे ती जाडसर, रबरासारखी पट्टी, माझ्या मते गुडघा-कोपरासाठी सगळ्यात छान. पण पहिल्या दिवशी खूप पाझरत असताना लावू नका, पाझरणं कमी झालं की लावा. कडेने अडीच-तीन सेंटिमीटर मोठी घ्या, टोकं गोल कापा म्हणजे कपड्याला अडकून सुटत नाहीत, लावताना गुडघा थोडा वाकवून ठेवा आणि तळहाताने मिनिटभर दाबा, उबेने नीट चिकटते. आजूबाजूची कातडी कोरडी हवी आणि आधी जेली लावलेली नको, नाहीतर धरतच नाही. मग तीन ते पाच दिवस हात लावायचा नाही. आतमध्ये पिवळट जेल तयार होतं, काढताना वासही येतो, लोक घाबरून पू झाला म्हणतात. एकदा धुऊन बघा, खाली गुलाबी स्वच्छ जागा दिसली तर तो पू नव्हता. कडेने गळायला लागली की मात्र बदला.

पारदर्शक फिल्म थोड्याशा पाझरणाऱ्या जखमेलाच, जास्त पाणी असेल तर फुगा होतो. ती वर उचलून नाही, कातडीला समांतर ताणत काढायची. आणि भरपूर लस येत असेल तर फोम ड्रेसिंग, म्हणजे स्पंजासारखं पाणी शोषणारं.

पॅड-गॉज रोज बदला, भिजलं किंवा मळलं तर लगेच. पण हे सगळं वरवरच्या जखमेचं झालं. लाली पसरत चाललीय, जागा गरम लागतेय, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, पू, ताप, जखमेपासून वर जाणारी लाल रेघ, यातलं काहीही दिसलं तर हायड्रोकोलॉइड किंवा फिल्मने झाकून ठेवू नका, डॉक्टरला दाखवा. जखम खोल असेल, डोळ्याजवळ असेल किंवा दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल तरीही. मधुमेह असलेल्यांनी, विशेषतः पायाला लागलं असेल तर, घरी वाट बघूच नये. धनुर्वाताचं इंजेक्शन आठवून बघा, मातीत पडून लागलंय आणि शेवटचं घेऊन पाच वर्षं झालीयत, किंवा कधी घेतलं तेच आठवत नाही, तर विचारून घ्या.

सगळीकडे गुलाबी, कोरडी कातडी आली, दाबल्यावर ओलं लागत नाही, की पट्टी बंद. त्यानंतर काही महिने ती जागा उन्हापासून झाका किंवा सनस्क्रीन लावा, नवीन कातडी उन्हाने पटकन काळवंडते आणि तो डाग बराच काळ जात नाही.