ट्रॅव्हल नर्सचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट: सही करण्याआधी या चुका टाळा

ग्रीन कार्डावर अमेरिकेत आलेल्या आपल्या मराठी नर्सेसपैकी काहीजणी पहिल्या हॉस्पिटलचा करार संपला की ट्रॅव्हल नर्सिंगकडे, म्हणजे एजन्सीमार्फत काही आठवड्यांच्या करारावर वेगवेगळ्या शहरांत काम करण्याकडे, वळतात. रिक्रूटरचा फोन येतो, "आठवड्याला २,३०० डॉलर, १३ आठवडे", की लगेच बॅग भरायला घेतात. पण तो सगळा आकडा पगार नसतो.

उदाहरण घ्या. ३६ तासांचे ताशी २५ प्रमाणे ९०० डॉलर हा पगार, त्यावर कर. उरलेले १,४०० म्हणजे राहण्या-जेवणाचा स्टायपेंड. पेशंट कमी म्हणून हॉस्पिटलने १२ तासांची एक ड्युटी रद्द केली, तर ३०० डॉलर गेले असं वाटतं. पण अनेक करारांत स्टायपेंडही तासांच्या हिशेबाने कापतात. मग जातात साधारण ७६७ डॉलर, आणि खोलीचं भाडं तेवढंच राहतं. माझ्या पहिल्या करारात हे कलम दुसऱ्या पानाच्या तळाला होतं. मी वाचलं नाही. दोन आठवड्यांत तीन ड्युट्या गेल्या आणि भाड्यासाठी साठवलेले पैसे काढावे लागले. 'गॅरंटीड अवर्स', म्हणजे ड्युटी रद्द झाली तरी ज्यांचे पैसे मिळतातच असे तास, किती, हे करारात लिहूनच घ्या; फोनवरचा शब्द कामाला येत नाही.

जादा ड्युटी घेतानाही हाच हिशेब करा. ४० तासांपुढे दीडपट म्हणजे ३७.५० डॉलर. स्टायपेंड धरला तर तुमचा नेहमीचा तास जवळपास ६४ ला पडत होता! म्हणजे सर्वांत दमवणारा तास सर्वांत स्वस्त. जादा तासांचा दर सहीआधीच ठरवा. २०२१ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने (कॅलिफोर्निया याच कोर्टाखाली येतं) एका खटल्यात, तासांप्रमाणे कापला जाणारा भत्ता ओव्हरटाइम काढताना पगारातच धरला. कॅलिफोर्नियात काम करणार असाल तर हे जरूर विचारा.

करातली चूक सर्वांत महागात पडते. स्टायपेंड करमुक्त राहतो तो तुमचं 'टॅक्स होम' असेल तरच, म्हणजे कामानिमित्त बाहेर असतानाही अमेरिकेतल्या मूळ घराचा खरा खर्च तुम्ही उचलत असाल तर. सांगलीला आईवडिलांचं घर आहे, एवढ्यावर भागत नाही. घरापासून ५० मैलांपलीकडे काम केलं की स्टायपेंड करमुक्त, असा '५० मैलांचा नियम' सगळ्या सांगतात, पण आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, असा नियमच नाही. एकाच ठिकाणी वर्षापेक्षा जास्त राहणार असं ठरलं, तर त्या दिवसापासून भत्त्यावर कर लागतो. ट्रॅव्हल नर्सेसचं काम करणाऱ्या टॅक्सवाल्याला एकदा तरी भेटा. शिवाय करपात्र पगार कमी दाखवला की सोशल सिक्युरिटीत, म्हणजे सरकारी पेन्शनच्या खात्यात, जमाही कमी होते, आणि गृहकर्जाच्या वेळी बँक तोच आकडा बघते.

घराचं म्हणाल तर अनोळखी शहरात पहिल्या वेळी मी एजन्सीचीच खोली घेईन. हातात पैसे कमी येतात, पण रिकाम्या खोलीचं भाडं अंगावर पडत नाही. मात्र मधेच काम सोडलं तर ते भाडं वसूल करतात का, ते वाचा. स्वतः शोधणार असाल तर व्हिडिओ कॉलवर घर बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका, आणि वर्षाच्या लीजवर सही तर नकोच.

दोन करारांच्या मधे आरोग्य विमा तुटतो, तेव्हा घाबरून महागडी पॉलिसी घेऊ नका. एजन्सीचा विमा होता तर कोब्रा, म्हणजे काम संपल्यावर तोच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय, घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात, आणि घेतलं तर संरक्षण मागच्या तारखेपासून धरलं जातं. हप्तेही तेव्हापासूनचे भरावे लागतात. सुट्टी तीन आठवड्यांची असेल तर कोब्राचं पत्र जपून ठेवा आणि गरज पडली तरच भरा.