‘ब्रेक गेलेत’ असं गॅरेजवाला म्हणतो तेव्हा: खरं-खोटं कसं तपासायचं

गाडी नुसतं ऑइल बदलायला दिलेली असते आणि दुपारी फोन येतो, "पॅड पूर्ण संपलेत, डिस्कही गेल्यात. गाडी अशी चालवणं धोक्याचं आहे. करून टाकू का?" एरवी शंभर प्रश्न विचारणारा माणूसही ब्रेकचं नाव काढलं की मुकाट्याने हो म्हणतो. बिल फुगवायला ब्रेकइतकं सोयीचं काम दुसरं नाही, ते यामुळेच. अडचण एवढीच की कधीकधी तो फोन खराही असतो.

खरं काय ते ओळखायला मेकॅनिक असावं लागत नाही. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. काही गाड्यांच्या मागच्या चाकांना त्याऐवजी ड्रम असतो आणि त्याला आतून लायनर घासतात. हे सगळे मोजता येणारे भाग आहेत. त्यांची मर्यादा कंपनीने ठरवून दिलेली असते आणि डिस्क-ड्रमवर ती बहुतेक वेळा कोरलेलीच असते. म्हणून कोणतं चाक, किती मिलिमीटर आणि मर्यादा किती, हे तीन प्रश्न सोडायचे नाहीत.

१. गाडी देण्याआधी

गाडीच्या पुस्तिकेत किंवा मागच्या बिलांत पॅड शेवटचे कधी बदलले ते शोधा आणि तेव्हाचे किलोमीटर टिपून ठेवा. पुढचे आणि मागचे वेगवेगळे लिहा. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे बहुतेक गाड्यांचे पुढचे पॅड आधी झिजतात. चारही चाकांचे एकदम संपले असं कोणी म्हणालं तर तिथेच कान टवकारायला हवेत.

अलॉय व्हील असेल तर फटींतून टॉर्च मारून बाहेरचा पॅड दिसतो. लोखंडी पाठपट्टी सोडून फक्त घासणाऱ्या मसाल्याची जाडी बघा. नव्या पॅडवर हा मसाला साधारण 10 ते 12 मिमी असतो. 3 मिमीच्या आसपास आला की बदलायची वेळ झाली. आतला पॅड बाहेरून दिसत नाही आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो त्यांतली एखादी अडकली असेल तर हा आतला पॅडच आधी संपतो. त्यामुळे बाहेरचा जाड दिसला म्हणजे सगळं ठीक, असंही धरून चालू नका.

एक छोटी युक्ती करून ठेवा. प्रत्येक चाकाच्या एका नटावरून रिमवर जाईल अशी मार्करची बारीक रेघ ओढा. गाडी परत आल्यावर रेघ जशीच्या तशी जुळत असेल, तर चाक बहुधा उतरलेलंच नाही. मग ‘चारही चाकं काढून ब्रेक सर्व्हिस केली’ या ओळीचे पैसे कशाचे, ते विचारता येतं.

जॉबकार्डवर (गाडी देताना गॅरेज कामं लिहून घेतं त्या कागदावर) निदान लिहून देऊ नका, लक्षण लिहा. ‘पॅड बदला’ असं लिहिलंत तर पॅड चांगले असले तरी बदलले जातील आणि नंतर बोलायला जागा उरणार नाही. ‘वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं’ किंवा ‘सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला आवाज येतो’ असं लिहा. खाली एक ओळ हवीच: ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये. जुने पार्ट परत द्यावेत.’ त्यावर त्यांची सही घ्या.

२. फोन आल्यावर

लगेच हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. चारही चाकांच्या आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी, डिस्कची जाडी आणि डिस्कवर कोरलेली किमान जाडी मेसेजवर मागवा. सोबत फोटो मागा, पण पॅड जागेवरच असताना काढलेला, आणि शक्यतो ज्यात गाडी ओळखू येईल असा. टेबलावर ठेवलेल्या झिजलेल्या पॅडचा फोटो कुठल्याही गाडीचा असू शकतो.

टक्केवारी ऐकून घेऊ नका. ‘पॅड 70 टक्के गेलेत’ याला अर्थ नाही. 10 मिमीचा पॅड 3 मिमीवर आला तर मसाला 70 टक्के गेला, पण वापरता येण्याजोगा जवळजवळ सगळाच संपला. दुसरा कोणी वापरण्याजोग्या 7 मिमीचे 70 टक्के म्हणत असेल, तर अजून 5 मिमी मसाला शिल्लक आहे. शब्द तेच, पण एकात पॅड आज बदलायचे आणि दुसऱ्यात पुढच्या सर्व्हिसला बघायचे.

मिलिमीटर कळले की हिशेब घरीच होतो. समजा नवे पॅड 11 मिमीचे होते, 30,000 किमीनंतर 6 मिमी उरले. म्हणजे 5 मिमी झिजायला 30,000 किमी लागले. 3 मिमीपर्यंत यायला अजून 3 मिमी आहेत, म्हणजे सुमारे 18,000 किमी. झीज अगदी सारखी होत नाही, म्हणून 10,000 किमीनंतर पुन्हा मोजा. ‘उद्या ब्रेक लागणार नाहीत’ हे मात्र या आकड्यांत कुठेच बसत नाही.

३. चाकाजवळ उभं राहून

शक्य असेल तर स्वतः जा. गाडी लिफ्टवर, चाक उतरलेलं, अशा अवस्थेत बघायला मिळालं पाहिजे. ‘ग्राहकांना आत परवानगी नाही’ हे कारण सुरक्षेपुरतं ठीक आहे, पण मग तिथूनच व्हिडिओ कॉल करायला हरकत नसावी.

डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर ‘मिन टीएच’ आणि पुढे आकडा कोरलेला असतो. गंज असेल तर वायर ब्रशने घासायला सांगा. नवी डिस्क 22 मिमीची, किमान 20, आणि माप 20.8 आलं, तर ती अजून चालते. माप मायक्रोमीटरने (दोन टोकांत पकडून जाडी अचूक मोजणाऱ्या साधनाने) घ्यायचं, तेही गोलाकार सहा-आठ ठिकाणी. साधा व्हर्नियर (सरकपट्टीचं माप) डिस्कच्या न झिजलेल्या कडेवर टेकतो आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. बोट फिरवून ‘बघा, कड लागतेय’ म्हणणं हा पुरावा नाही. वापरलेल्या प्रत्येक डिस्कला थोडी कड येते. बारीक रेषाही चालतात. खोल चऱ्या, कडेपर्यंत गेलेली भेग किंवा किमानपेक्षा कमी जाडी असेल तर डिस्क बदलायची, आणि तीही एका ॲक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या) दोन्ही बाजूंची. पॅडही तसेच, जोडीने. पण पुढचे बदलले म्हणून मागचेही बदलायचे, असा नियम कुठे नाही.

डिस्क थरथरत असेल तर लेथवर (घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर) घेता येते, पण घासून झाल्यावरही ती किमान जाडीच्या वर उरली पाहिजे. हे माप आधी विचारा, नाहीतर लेथचे पैसेही द्याल आणि नव्या डिस्कचेही.

ड्रमचं उलट आहे. तो झिजतो तसा आतून मोठा होतो, म्हणून त्यावर कमाल व्यास कोरलेला असतो.

४. नेहमी ऐकू येणारे दावे

‘डिस्कवर गंज चढलाय.’ पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर डिस्कवर लालसर थर येतोच. चार-पाच ब्रेकमध्ये तो निघून जातो. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कला खड्डे पडले असतील तर गोष्ट वेगळी.

‘आवाज येतोय म्हणजे पॅड संपले.’ काही पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासून बारीक किंचाळल्यासारखा आवाज करते. पण धूळ, तापून गुळगुळीत, चकाकलेला पॅड, न बसवलेली शिम (पॅडमागची आवाज दाबणारी पातळ पट्टी) किंवा कोरड्या पिना यांमुळेही चांगल्या पॅडचा आवाज होतो. उपाय असतो साफसफाई आणि पिनांना उष्णता सहन करणारं ग्रीस.

‘कॅलिपर गेलाय.’ कॅलिपर महाग असतो, म्हणून हा दावा नीट तपासा. नुसत्या पिना अडकल्या असतील तर त्या काढून, साफ करून, ग्रीस लावून काम होतं. पॅड ढकलणारा पिस्टन मागे जात नसेल किंवा सीलमधून ब्रेक ऑइल येत असेल, तर ते दाखवायला सांगा. कॅलिपर उघडल्यावर दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात.

‘ऑइल काळं झालंय, पूर्ण फ्लशिंग लागेल.’ फ्लशिंग म्हणजे जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरणं. रंगावरून फारसं काही ठरत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट 4 साठी किमान अपेक्षा कोरड्या अवस्थेत 230 अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावर 155 अंश. लांब घाट उतरताना ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. म्हणून अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. दोन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या, त्यात फसवणूक नाही. सहा महिन्यांपूर्वीच बदललेलं असेल तर उत्कलनबिंदू मोजून दाखवा म्हणा. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं आणि डॉट 3, 4 किंवा 5.1 मध्ये मिसळत नाही. जवळचे आकडे बघून त्याला ‘वरच्या दर्जाचं ऑइल’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

‘ऑइल कमी झालंय, टॉप-अप केलं.’ पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतली पातळी आपोआप खाली जाते. पॅड चांगले असूनही पातळी उतरत असेल तर गळती आहे. ती न शोधता वरून भरणं हा निष्काळजीपणा आहे.

‘एबीएसचं मॉड्यूल बदलावं लागेल.’ एबीएस म्हणजे जोराच्या ब्रेकला चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. तिचा पिवळा दिवा लागला की आधी स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचून घ्या. चाकाजवळचा सेन्सर किंवा त्याची वायर हे कारण कितीतरी जास्त वेळा निघतं.

५. खरंच धोका असेल तेव्हा

इथे संशय बाजूला ठेवायचा. पेडल तळाला जातंय, दाबून धरलं तर हळूहळू खाली सरकतंय, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतोय, चाकाच्या आतून ऑइल ओघळतंय, रबरी पाइपला फुगा आलाय, किंवा हँडब्रेक सोडूनही लाल दिवा जात नाही: यांतलं एक जरी असेल तर गाडी चालवून दुसऱ्या गॅरेजला नेऊ नका. दुसरं मत हवंच असेल तर टो करून न्या.

पेडल मऊ, स्पंजसारखं लागत असेल तर बहुधा सिस्टिममध्ये हवा आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरमधली हवा बघा, मग अडकलेला कॅलिपर. गाडी चालवून थांबल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल तर तिथे ब्रेक धरून बसलाय. रिमला हात लावू नका, जवळ नेला तरी आच कळते.

६. दुसरं मत घेताना

पहिल्याने काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगू नका. सांगितलंत की तेच निदान परत मिळतं, फक्त थोड्या कमी दरात. ‘चारही चाकांचे पॅड आणि डिस्क मोजून लिहून द्या, काम नंतर ठरवू’ एवढंच म्हणा आणि तपासणीचे पैसे द्या. फुकट तपासणीचा खर्च शेवटी सापडलेल्या कामातूनच निघतो.

७. काम देताना आणि गाडी घेताना

एस्टिमेटमध्ये पार्ट आणि लेबर वेगळे, पार्टचा ब्रँड आणि क्रमांक, दोन्ही बाजू धरून नग किती, हे सगळं असावं. ‘ब्रेक काम, एकूण इतके’ अशी एकच ओळ मान्य करू नका. नव्या पार्टची खोकी आणि जुने पार्ट दोन्ही मागा. जुन्या पॅडचा आकार नव्याशी ताडून बघा. आकार जुळत नसेल तर ते तुमच्या गाडीचे नाहीत.

गाडी हलवण्याआधी इंजिन चालू करून पेडल अनेकदा दाबा. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिलं पेडल रिकामं जाऊ शकतं. पेडल घट्ट लागल्यावर टाकीतली पातळी कमाल रेषेच्या आत आहे ना, बघा. आवारातच हळू वेगात दोन-तीनदा थांबून बघा. चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या ताकदीनेच कसणाऱ्या पान्याने) कसले का, हेही विचारा.

नवे पॅड लगेच पूर्ण धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 10 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा. पूर्ण थांबू नका आणि मधे ब्रेक थंड होऊ द्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक शक्यतो टाळा. या काळात थोडा वास येणं स्वाभाविक आहे. त्यावरून ‘परत आणा, काहीतरी राहिलंय’ असं कोणी म्हणत असेल तर पुन्हा आकडेच मागा.

८. फसवणूक झालीच असेल तर

आवाज चढवून काही हाती लागत नाही. जॉबकार्ड, बिल, मेसेज, फोटो आणि जुने पार्ट एका जागी ठेवा. ब्रेक पुन्हा उघडण्याआधी दुसऱ्या गॅरेजकडून मापांसह लेखी अहवाल घ्या, कारण एकदा काम बदललं की पुरावा गेला. मग गॅरेजच्या मालकाला लेखी पत्र: काय ठरलं होतं, काय केलं, कशाचे पैसे परत हवेत आणि किती दिवसांत. अधिकृत सेंटर असेल तर गाडीच्या कंपनीला प्रत पाठवा. उत्तर आलं नाही तर हेच कागद घेऊन ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जा. न केलेल्या कामाचं बिल आणि विचारल्याशिवाय केलेलं काम या तक्रारी कागदावर दाखवता येतात. ‘दर जास्त लावला’ ही तक्रार, दर आधी मान्य केला असेल तर, सहसा टिकत नाही.